टर्बो मोटार, ऑक्टेन आणि घरखर्चाचा ताळेबंद

गेल्या उन्हाळ्यात कोरीट येथे थोरल्या बंधूंकडे गेलो असता घरात एक वाद चालू होता. पुतण्याने टर्बो पेट्रोल इंजिनाची मोटार घेतली आणि एका कारागिराकडून इंजिनाचे 'ट्यूनिंग' करून घेतले. शक्ती वाढली खरी. परंतु नवापूरकडून साक्रीकडे जाताना कोंडाईबारीच्या चढावर इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. कारागिराने सल्ला दिला, "शंभर ऑक्टेनचे पेट्रोल भरा." बंधू संतापले, "साध्याच पेट्रोलचे बिल पाहून धस्स होते, त्यात हे!" पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासलेत, आता आमचाही तपासा."

प्रथम 'ऑक्टेन' म्हणजे काय ते पाहू. अनेकांचा समज असा की, अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये अधिक ताकद असते. तसे नाही. दाब व उष्णता वाढली तरी ठिणगी पडण्यापूर्वी किंवा भलत्या ठिकाणी पेट न घेण्याची क्षमता, एवढाच या आकड्याचा अर्थ. आयसो-ऑक्टेनला 100 आणि नॉर्मल हेप्टेनला 0 धरून ही मोजपट्टी केली आहे. पूर्वी ही क्षमता वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. आपल्या देशात 2000 सालापासून ते बंद झाले.

टर्बो यंत्रणा हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. ट्यूनिंग करणारा हा दाब आणखी वाढवतो व ठिणगीची वेळ अलीकडे आणतो. खानदेशातल्या वैशाखात बाहेरची हवा आधीच तापलेली, त्यात भरलेली गाडी आणि घाट. मग इंधन अवेळी पेटते व ठोके बसतात. इंजिनातील संवेदक ते ओळखून ठिणगी मागे घेतो, तेव्हा वाढवलेली शक्तीही निघून जाते. दुर्लक्ष केल्यास पिस्टनला इजा होते.

आता हिशेब. समजा, महिन्याला 1,000 किलोमीटर धाव आणि लिटरला 14 किलोमीटर, म्हणजे सुमारे 71 लिटर पेट्रोल. लिटरमागे 8 रुपये अधिक देऊन 'प्रीमियम' भरले, तर वर्षाला जादा खर्च साधारण 6,900 रुपये. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिटरमागे 60 रुपये अधिक धरले, तर हाच आकडा 51,000 रुपयांवर जातो. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने असे पेट्रोल आणले, तेव्हा दिल्लीतील दर लिटरला 160 रुपये होता. शिवाय ते निवडक शहरांतील निवडक पंपांवरच मिळे. मुंबईत साध्या पेट्रोलने मे 2021 मध्ये शंभरी ओलांडली. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने व्यापाऱ्याला त्यावरील कराची वजावटही मिळत नाही. सारा भार खिशावरच.

आणखी एक बाब. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. या मिश्रणामुळे ऑक्टेन 95 पर्यंत जाते, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा केवळ '95' या आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा. मात्र इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने तेवढ्याच कामासाठी इंधन अधिक लागते. ट्यूनिंग जुन्या पेट्रोलवर केलेले असेल, तर इंधन अपुरे पडून इंजिन तापण्याचा धोका राहतो. म्हणून दर लिटरचा नव्हे, तर किलोमीटरचा काढावा.

माझे मत पुतण्याला सांगितले ते असे. मूळ अवस्थेतील गाडीत उत्पादकाने पुस्तिकेत लिहिलेले इंधन भरावे. त्याहून महाग भरून सहसा लाभ नाही. ट्यूनिंग केलेल्या गाडीत मात्र, ज्या ऑक्टेनवर ते केले त्याहून कमी भरणे ही बचत नव्हे; ते इंजिनावर काढलेले कर्ज आहे आणि त्याचे व्याज जबर असते. जे इंधन आपल्या गावच्या पंपावर बारमाही मिळत नाही, त्यावर बेतलेले ट्यूनिंग कोरीटच्या माणसाने करूच नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत. बदलाची लेखी माहिती विमा कंपनीला द्यावी. वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मज्जाव करते, हेही ध्यानी असावे.

शेवटी एक गोष्ट आपल्या परंपरेतली. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्या सांगताना निष्कारण अग्नी पेटवणे, निष्कारण हिंडणे आणि इतरांना हिंडवणे यांचाही समावेश केला आहे. दिग्व्रत तर प्रवासालाच मर्यादा घालते. सुरतेचा व्यापार, नंदुरबारचा बाजार, आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, हे सप्रयोजन झाले. केवळ वेगाच्या हौसेसाठी जाळलेले इंधन कोणत्या खात्यात लिहायचे?

पुतण्या दोन दिवस काही बोलला नाही. मग स्वतःच गाडी घेऊन गेला आणि इंजिन मूळ अवस्थेत आणून घेतले. आता घाटात खडखड नाही. खर्चवहीत त्याने इंधनाचे वेगळे पान उघडले असून महिनाअखेरीस तो किलोमीटरमागचा दर काढतो. बंधू ते पान रोज पाहतात. वाद मात्र मिटला आहे.