कॉलमखालचा ठोकळा

घरच्या टेबलावर मावणाऱ्या मिलिंग मशीनांत चीनच्या सीग कंपनीचं ‘एक्स-टू’ हौशी कारागिरांत फार चालतं. त्याचं टेबल पुढेमागे सरकतं जेमतेम 10 सेंटिमीटर, आडवं 22च्या आसपास. व्हाइसमध्ये थोडा उंच जॉब धरला आणि वर ड्रिल चक चढवला, की बिटाला जागाच उरत नाही. मग सुचतं ते साधंच: कॉलमखाली लोखंडी ठोकळा सारायचा आणि अख्खं हेड वर उचलायचं.

पण त्याआधी एक करून पाहा. मशीन बंद ठेवून टेबलावर डायल बसवा, त्याचं टोक स्पिंडलला टेकवा आणि कॉलमचा माथा अंगठ्याने मागे रेटा. काटा हलतो! बिडाचा एवढा जाडजूड खांब, आणि नुसत्या अंगठ्याने वाकतो. कटर तर धातू कापताना त्याला सेकंदाला कित्येकदा धक्के देत असतो.

खांबाचं वाकणं उंचीच्या घनाने वाढतं. 30 सेंटिमीटरचा खांब तेवढ्याच जाडीचा ठेवून 40चा केला, तर त्याच जोराने तो जवळजवळ 2.4 पट वाकतो. नशीब असं की जाडीचंही गणित घनाचंच आहे, फक्त आपल्या बाजूने: वाकण्याच्या दिशेने जाडी दुप्पट केली की वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून जाणकार ठोकळ्यासोबत कॉलमच्या पाठीला जाड पोलादी पाटही बोल्टने आवळतात. माझ्या मते तो पाट आधी, ठोकळा नंतर.

ठोकळ्याच्या वरच्या-खालच्या बाजूही समांतर हव्यात. 10 सेंटिमीटर रुंदीत 0.02 मिलिमीटरचा फरक राहिला, तर 40 सेंटिमीटर वर तो 0.08 होतो, म्हणजे साधारण केसाची जाडी. पातळ पितळी शिम घालून तो कल काढता येतो. खरी कारागिरी मात्र वेगळी: सपाट प्लेटवर निळा रंग लावून ठोकळा तिच्यावर फिरवायचा, जिथे निळं लागेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा फिरवायचा.

आणि ती प्लेट तरी सपाट कशावरून? जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे हेच मांडलं होतं. प्लेटा तीन घ्यायच्या आणि आलटून पालटून एकमेकींशी जुळवायच्या. दोनच घेतल्या तर एक फुगीर, दुसरी तेवढीच खोलगट होऊन चपखल बसू शकतात. तिन्ही एकमेकींशी जुळायला लागल्या की सपाट होण्यावाचून त्यांना गत्यंतर नसतं.