विषाणू बहुतेकांच्या अंगात, कर्करोग मोजक्यांनाच

घरात कुणाला कर्करोग झाला की भेटायला येणारे हळूच विचारतात, ‘हा आजार लागट तर नाही ना?’ काही घरांत रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवतात, नातवंडांना त्याच्याजवळ बसू देत नाहीत. त्यातच ‘काही कर्करोग विषाणूंमुळे होतात’ असे वाचनात आले की भीती आणखी वाढते. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी आज आम्ही सांगणार आहोत.

कांजिण्या, नागीण, ओठावर उठणारे पाणीदार फोड हे हर्पिस कुळातल्या विषाणूंचे आजार. या कुळाची खोड अशी की विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर तिथेच दडून राहतो. माणसाला बाधणाऱ्या अशा आठ विषाणूंपैकी दोघांचा कर्करोगाशी ठोस संबंध सिद्ध झाला आहे. नागीण किंवा ओठावरचे फोड आणणारे विषाणू त्या दोघांत नाहीत.

पहिल्याचा शोध आफ्रिकेत सुरू झाला. युगांडातील कंपाला येथे डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक काम करत. 1957 मध्ये त्यांनी जबडा विचित्र सुजलेला एक मुलगा पाहिला. पुढे तशीच अनेक मुले आढळली. हा लसिकापेशींचा कर्करोग होता. उष्ण, भरपूर पावसाच्या आणि मलेरियाच्या पट्ट्यातच तो जास्त आढळत होता. 1961 मध्ये लंडनला बर्किट यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन यांना शंका आली की यामागे विषाणू असावा. कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे येऊ लागले. अखेर 1964 मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना या गाठींपासून वाढवलेल्या पेशींत नवा हर्पिस विषाणू दिसला. तोच एपस्टाइन-बार विषाणू.

पण पुढे रक्ततपासण्या झाल्या तेव्हा नवलच समजले. जगातील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो! बहुतेकांना तो लहानपणीच लाळेतून मिळतो आणि कळतही नाही. मग कर्करोग सगळ्यांना का होत नाही?

कारण विषाणू एकटा पुरेसा नसतो. आफ्रिकेत वारंवार होणारा मलेरिया शरीराचा पहारा ढिला करतो, पेशी भराभर वाढतात आणि एखाद्या पेशीत जनुकांची जागा चुकते. तेव्हा गाठ वाढू लागते. दक्षिण चीनमध्ये याच विषाणूचा संबंध नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी आहे. तिथे आनुवंशिकता आणि लहानपणापासून खाल्लेली खारवलेली मासळी यांचीही भर पडते. दुसरा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी 1994 मध्ये शोधला. त्याच्यामुळे कापोसी सार्कोमा हा कर्करोग होतो. एड्सचे रुग्ण किंवा मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना त्याचा धोका जास्त.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कर्करोग जात नाही. रुग्णाच्या अंगातला एपस्टाइन-बार विषाणू बहुधा आपल्याही अंगात वर्षानुवर्षे आहे. म्हणून त्याचे ताट वेगळे करण्यात काही अर्थ नाही. त्याने फक्त त्याचे मन मोडते. उलट केमोथेरपीच्या काळात रुग्णाचीच प्रतिकारशक्ती कमी असते. सर्दी-ताप असलेल्याने लांब राहायचे ते त्याच्या रक्षणासाठी.

एपस्टाइन-बारवर अजून सर्वांना देता येईल अशी लस नाही. पण लक्ष ठेवणे आपल्या हाती आहे. मानेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे टिकली, एकच नाकपुडी सतत बंद राहून रक्त येऊ लागले, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले किंवा मुलाच्या जबड्याची वा पोटाची सूज झपाट्याने वाढली, तर झाडपाल्यात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. बर्किट यांनी शोधलेला तो कर्करोग अतिशय वेगाने वाढतो. तरीही वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात.

तेव्हा अशा घरी भेटायला जाल तेव्हा रुग्णाजवळ बसा, त्याचा हात हातात घ्या आणि तिथला चहा आनंदाने प्या.