पाणबुडीची प्रतिकृती आणि मोजमापाची शिस्त

प्रतिकृतीकलेत पाणबुडीचा आकार सर्वांत सोपा वाटतो, परंतु तिच्या गुळगुळीत अंगावर चूक लपवायला जागाच नसते. भारतीय नौदलाची रशियन बनावटीची ‘कुरसुरा’ ही ९१.३ मीटर लांबीची पाणबुडी १:३५० या प्रमाणात, म्हणजे मुळाच्या साडेतीनशेव्या हिश्शाने, घडवली तर ती सुमारे २६ सेंटिमीटर भरते. मात्र त्याच प्रमाणात पत्र्यांचे सांधे दाखवण्यासाठी कोरलेली ०.३ मिलिमीटरची रेघ मूळ पाणबुडीवर साडेदहा सेंटिमीटर रुंदीची भेग ठरते, आणि हौशी कारागिराचा हात नेमका इथेच जड पडतो.

१९६९ साली नौदलात दाखल झालेली ‘कुरसुरा’ आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी असल्याने, समुद्रापासून दूर धार-देवासकडच्या कारागिरालाही तिथे जाऊन तिचे तीन पंखे आणि पाणी आत-बाहेर जाण्यासाठी कवचात ठेवलेल्या छिद्रांच्या रांगा जवळून न्याहाळता येतात. उलट मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि २०१७ साली दाखल झालेल्या नव्या ‘कलवरी’ पाणबुडीच्या पाण्याखालच्या भागाचे बरेचसे तपशील गोपनीय असल्यामुळे तेथे अंदाजावर भागवावे लागते.

रंगाचे गणित निराळेच आहे: निव्वळ काळा रंग लहान आकारावर डोळ्यांना अधिक गडद भासतो, म्हणून जाणकार त्यात थोडा करडा मिसळतात, शिवाय संग्रहालयातील पाणबुडीला जतनासाठी पुन्हा रंग दिलेला असू शकतो, त्यामुळे सेवाकाळातील छायाचित्रांशी ताडून पाहिल्याखेरीज तो प्रमाण मानू नये.