ओवीतली नावे

सोलापूरच्या लोकगायनाचा विषय निघाला की पहिले नाव येते शाहीर राम जोशी यांचे. उत्तर पेशवाईतला हा कवी सोलापूरचा. १९४७ साली त्याच्यावर बोलपट निघाला, त्यामुळे लावणी न वाचलेल्यांनाही तो ठाऊक झाला. राम जोशींच्या लावणीच्या शेवटी त्यांची नाममुद्रा असते, म्हणून रचना कोणाची हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याच सोलापूर परिसरात घरोघरी पहाटे जात्यावर गाणाऱ्या बाईची नाममुद्रा मात्र कोठे शोधायची? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तोवर व्हायचे ते नुकसान माझ्याच हातून होऊन गेले होते.

स्त्रियांची ओवी जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात, महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. आमच्या भागात ती जात्यावर घट्ट रुजली, याचे एक कारण ज्वारी. ज्वारीचे पीठ साठवून चालत नाही. शिळे पीठ विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. म्हणून दळण रोजचे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठमूठ दाणे वैरायचे. या फेऱ्याच्या लयीवर ओवीची ओळ बसते. पहिली ओळ परत परत घोळवायची, तेवढ्यात दुसरी सुचते. समोर श्रोता नसतो. फार तर जात्याला हात लावणारी जाऊ किंवा नणंद असते.

१९९४ च्या सुमारास मी मंगळवेढा तालुक्यात सायकलवर फिरून ओव्या उतरवू लागलो. मार्गदर्शक कोणी नव्हता. वाचून एवढे कळले होते की लोकगीत हे समूहाचे असते, त्याला कर्ता नसतो. म्हणून ओवीत कोणाच्या भावाचे, लेकाचे किंवा माहेरच्या गावाचे नाव आले की मी ते गाळून तेथे टिंबे देत असे. ओवी 'शुद्ध' व्हावी, हा हेतू.

एकदा एका म्हातारीला तिच्याच ओव्या वाचून दाखवल्या. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "लेकरा, ह्यात माझा भाऊ कुठं गेला?" मी म्हणालो, "आजी, नाव कुणाचंही घालता येतं, म्हणून जागा मोकळी ठेवली." ती म्हणाली, "कुणाचंबी घालता येतं, पर मी त्याचंच घातलं हुतं की."

तिचे म्हणणे समजायला मला काही वर्षे लागली. ओवी आईकडून लेकीकडे जाते तेव्हा चाल तीच राहते, बरेचसे शब्दही तेच राहतात. बदलतात ती नावे. आईने मामाचे नाव घातलेले असते, तेथे लेक आपल्या भावाचे घालते. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून तो चुडा, कुंकू, हौशा अशा शब्दांतून येतो. विठ्ठल कधी बाप होतो, कधी भाऊ, आणि पंढरपूर माहेर होते. स्वतःचे नाव मात्र ती बाई सहसा घालत नाही. पण भाऊ अमुक, लेक तमुक, माहेर या गावचे, एवढे सांगितल्यावर गाणारी कोण हे गावात कोणीही ओळखेल. राम जोशी लावणीच्या शेवटी जे करतात, तेच ही बाई ओवीच्या मध्यावर, दुसऱ्याच्या नावाने करते. मी टिंबे दिली ती नेमकी या सहीवर.

त्याच काळात पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या गटाने ओव्यांचे मोठे काम उभे केले होते. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्या गाणाऱ्या बाईच्या व गावाच्या नावासह नोंदल्या आहेत. तो संग्रह पाहिला तेव्हा माझ्या वहीतली उणीव डोळ्यांत भरली. तेथे एकच ओवी दोन गावांत भेटते आणि दोन बायकांची म्हणून वेगळी राहते. माझ्या वहीत त्या दोन बायका एक झाल्या, आणि ती एकही कोण ते कळत नाही.

आता गावोगावी विजेच्या चक्क्या आहेत. जाते उरले ते लग्नातल्या हळदीपुरते. गेली काही वर्षे मी जुन्या वह्या घेऊन त्याच गावांत जातो आणि गाणाऱ्यांच्या मुली, सुना, भाचे यांना टिंबांपुढे बसवतो. काही जागा भरल्या. त्या आजीच्या ओवीतले नाव तिच्या भाच्याने सांगितले. ते त्याच्या वडिलांचे होते. निम्म्याहून अधिक टिंबे मात्र तशीच आहेत.

आज मोबाइलवर आजीची गाणी टिपणाऱ्या तरुणांना माझे एकच सांगणे आहे. चाल टिपा, शब्द टिपा, आणि मध्येच एखादे नाव आले तर थांबून विचारा, "आजी, हा कोण?"