नाहीशा झालेल्या जमिनीचं मोजमाप

उलव्याची टेकडी आता नाही. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे 90 मीटर उंचीची ती टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दलदलीवर भराव टाकला. 1160 हेक्टरांच्या त्या आवारातल्या विमानतळाचं 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालं. आज तिथे उभं राहून कुणी विचारलं, की टेकडीतून किती घनमीटर दगड निघाला, तर टेप कुठे लावणार?

बांधकामात मातीकामाचं हेच वेगळेपण आहे. भिंत, खांब, स्लॅब यांचं बिल काढल्यावरही ते जागेवर असतात. शंका आली तर पुन्हा मोजता येतात. माती खोदली की मोजायची वस्तूच नाहीशी होते. उरतो खड्डा, आणि खड्डा किती खोल हे कळायला वरची जमीन कुठे होती हे ठाऊक लागतं. संगणकातलं भूपृष्ठाचं प्रतिमान, ज्याला साइटवर सगळे ‘डीटीएम’ म्हणतात, ते ही गेलेली जमीन जपून ठेवतं. त्याचं मोल मला गणितापेक्षा या जपणुकीत जास्त वाटतं.

आपल्याकडे ही जपणूक फार गरीब साधनांनी होत आली. खोदताना ठरावीक अंतरावर मातीचे खुंट न खोदता उभे ठेवायचे. त्यांच्या माथ्यावरून मूळ जमीन कळायची. खुंटावर चार घमेली माती चढवली की खोली वाढायची, म्हणून माप घेणाऱ्याने आधी खुंटाचं डोकं तपासायचं. 1972च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर लाखो माणसांनी पाझर तलाव, नाला बांध, रस्ते खोदले. त्यांची मजुरी खोदलेल्या मापावर ठरे. तिथे टेपची दोन बोटं इकडेतिकडे होणं म्हणजे कुणाच्या तरी घरची भाकर कमी होणं होतं. मातीकामाच्या मोजणीकडे मी निव्वळ तांत्रिक विषय म्हणून पाहू शकत नाही, ते यामुळेच.

मोठ्या कामांवर उंची मोजणारी डंपी लेव्हल आणि स्टाफ (मापपट्टी) आले, नंतर कोन आणि अंतर एकत्र मोजणारं टोटल स्टेशन. रस्त्याच्या दर 20 किंवा 30 मीटरवर आडवा छेद घ्यायचा, दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढायची आणि मधल्या अंतराने गुणायचं. पद्धत सोपी, मोजमाप पुस्तिकेत सहज मावणारी. पण दोन छेदांच्या मधली घळ किंवा उंचवटा तिला दिसत नाही. शिवाय खोदाई निमुळती होत संपते तिथे ती हमखास जास्त आकडा देते. एका टोकाला 60 चौरस मीटरचा छेद आहे आणि 20 मीटरवर तो सर्व बाजूंनी निमुळता होत शून्यावर आला, असं धरा. सरासरीने उत्तर येतं 600 घनमीटर. खरं घनफळ 400.

संगणकाने हे काम करावं ही कल्पना अमेरिकेतली. 1956च्या कायद्याने तिथे हजारो मैलांचे आंतरराज्य महामार्ग बांधायचे ठरले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले स्थापत्य अभियंते चार्ल्स मिलर यांनी हवाई छायाचित्रांवरून जमिनीचे बिंदू अंकांत उतरवले, म्हणजे एकाच डोंगरातून रस्त्याच्या अनेक आखण्या संगणकाला तपासता येतील आणि प्रत्येकीची खोदाई व भराव काढता येईल. 1958मध्ये मिलर यांनी सहलेखक लाफ्लाम यांच्यासह यावर निबंध लिहिला आणि ‘डिजिटल टेरेन मॉडेल’, म्हणजेच डीटीएम, हे नाव रूढ झालं.

आज ड्रोन एका सकाळी मोठी साइट टिपतो. एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंतून किंवा लेझरच्या किरणांतून लाखो बिंदू मिळतात. ते त्रिकोणांनी जोडले की जमिनीचं जाळं तयार होतं. त्रिकोण कसे जोडायचे याचं गणित रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी 1934मध्येच मांडलं होतं. कामाआधीचं एक जाळं, नंतरचं दुसरं. दोन्ही एकमेकांवर ठेवली की मधली पोकळी म्हणजे खोदाई, मधला फुगीर भाग म्हणजे भराव. मात्र बांधाची कड, चरीचा तळ, उताराचा माथा या रेषा वेगळ्या आखून द्याव्या लागतात. नाहीतर त्रिकोण थेट चरीवरून पलीकडे जातो आणि चर बुजते.

कोकणासारख्या भागात खरी अडचण झाडीची. फोटोला झाडाचा शेंडा दिसतो, पायथा दिसत नाही. करवंदीच्या जाळीचा माथा जमीन म्हणून धरला गेला, तर न खोदलेल्या मातीचं बिल निघतं. लेझरचे काही किरण पानांमधून खाली पोचतात, म्हणून झाडीत लेझर बरा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरच्या मार्गाची आखणी विमानातल्या अशाच लेझर सर्वेक्षणाने झाली.

दुसरा धोका उंचीचा. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. मुंबईच्या किनाऱ्यावर ती उणे साठ मीटरच्याही खाली येते. इतका मोठा फरक लगेच डोळ्यांत भरतो. घात करतो तो छोटा फरक. एक हेक्टरवर उंची सगळीकडे फक्त 5 सेंटिमीटर चुकली, तरी 500 घनमीटरांचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ 177 ब्रास. हायवा डंपरच्या तीसेक फेऱ्या तरी त्यात सहज जातात. म्हणून जमिनीवर रंगवलेल्या नियंत्रण खुणा लागतात, आणि प्रतिमान बनवताना न वापरलेल्या काही खुणा पडताळणीसाठी राखून ठेवाव्या लागतात. पडताळणीचा तक्ता जोडलेला नसेल, तर रंगीबेरंगी नकाशा कितीही देखणा असो, त्यावर बिल काढू नये.

प्रतिमान घनफळ सांगतं. निघालं काय ते सांगत नाही. माती, मुरूम आणि कठीण खडक यांचे दर वेगळे, आणि त्यांचा आकार ड्रोनला एकसारखाच. मुरूम संपून खडक लागला की खोदाई थांबवून त्या थराचीही पातळी काम देणारा आणि कंत्राटदार अशा दोन्ही पक्षांसमोर घ्यावी लागते. तसंच, जागेवरचा एक घनमीटर खडक फोडल्यावर दीड घनमीटरच्या आसपास फुगतो, आणि भरावात दाबून बसवला की पुन्हा आवळतो. खड्डा, डंपर आणि भराव यांचे आकडे त्यामुळे जुळत नाहीत, आणि ते न जुळणं म्हणजे चोरी नव्हे. करारात कोणतं माप धरायचं, हे आधीच लिहिलेलं असलं की निम्मे तंटे उद्भवतच नाहीत.

एवढं सगळं असूनही अनेक लहान कामांवर मूळ पातळी घेतली जाते ती यंत्र उतरल्यावर, घाईघाईने, एकाच पक्षाकडून. मग मागाहून केलेलं उत्तम सर्वेक्षणही अर्धंच राहतं, कारण वजा करायला पहिलं पृष्ठ नसतं. महागडा ड्रोन नसला तरी चालेल. टोटल स्टेशनने घेतलेले, दोघांच्या सह्यांचे बिंदूही पुरतात. ते काम सुरू होण्यापूर्वीचे हवेत, त्यांची खूण जागेवर पक्की हवी, आणि कच्ची फाइल कार्यालयात जपलेली हवी. कुणालाही ती उघडून हिशेब पुन्हा करता आला पाहिजे.

तुमच्या गावात तलावाचं खोलीकरण किंवा रस्त्याचं काम निघालं, तर पोकलेन उतरण्याआधी ग्रामसभेत एवढं विचारा: मूळ जमिनीची पातळी कधी घेतली, कोणासमोर घेतली, आणि ती फाइल कुणाकडे आहे?