पासवर्ड न विचारता वायफाय
परवा मावशीकडे वायफायचा पासवर्ड कुणालाच आठवेना. काका राउटर उलटा करून बारीक अक्षरं वाचत बसले. खरं तर घरच्यांची परवानगी असेल, तर पासवर्ड न टाकताही जोडता येतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आधीच जोडलेला फोन. अँड्रॉइड १० पासून वायफायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो. पाहुण्याने तो स्कॅन केला की झालं. मात्र त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांतच असतो, म्हणून त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका!

दोन्ही आयफोन असतील तर ते जवळ आणा. ब्लूटूथ सुरू हवं आणि एकमेकांचा अ‍ॅपल अकाउंटचा ईमेल कॉन्टॅक्टमध्ये हवा.

प्रिंटरसाठी बऱ्याच राउटरवर डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्डशिवाय जोडणीचं, बटण असतं. ते दाबल्यावर साधारण २ मिनिटं दार उघडं राहतं. त्यातली ८ आकडी पिनची सोय मात्र बंदच ठेवा. तिच्यातली त्रुटी २०११ मध्येच उघड झाली आहे.

येणंजाणं जास्त असेल तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करा आणि त्याचाच क्यूआर कोड भिंतीवर लावा. मला हीच सोय सर्वांत आवडते, कारण घरचे कॉम्प्युटर वेगळे राहतात.

तुमच्या राउटरमध्ये हे सापडत नसेल तर मॉडेल कमेंटमध्ये लिहा, मी नक्की सांगते.