हौद्याची बदली

मालवाहू मोटारीचा हौदा हा तिचा अविभाज्य अवयव होय, असे शहरवासी माणसास सहजच वाटते. नांदेड-लातूरकडील वाहनमालकाची समजूत निराळी आहे. पीक पालटले की वरचा पिंजरा पालटावा आणि धंदाच पालटला तर अख्खा हौदा उतरवून दुसरा चढवावा, यात त्याला काहीच विपरीत वाटत नाही; आणि या समजुतीचे मूळ मोटारीहून कितीतरी जुने आहे. ज्या बैलगाडीवर कापूसवेचणीच्या दिवसांत चहूबाजूंनी तट्टे उभे राहत, तिच्यावरच लग्नसराईत कमानी बांधून छत घातले जाई, आणि गाडी बदलली असे कोणी म्हणत नसे.

मोटारीच्या कारखानदारांनीही ही प्रथा आपल्या परीने चालू ठेवली. 1954 पासून जमशेदपुरास तयार होऊ लागलेले टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक पुष्कळदा निव्वळ चासीच्या स्वरूपात बाहेर पडत. डोक्याला फडके गुंडाळलेले, धुळीपासून डोळे वाचवण्यास चष्मा चढवलेले चालक उघड्या बैठकीवरून ते शेकडो मैल हाकीत नेत, आणि मुक्कामी पोहोचल्यावर सुतार, लोहार व रंगारी अशा त्रिवर्गाच्या हातून त्यांना देह प्राप्त होई. पुढे महिंद्रांची जीपवजा मालगाडी आली, मेटॅडोर आली, 1986 साली टाटा 407 आली. गाड्या लहान झाल्या, परंतु हौदा बांधणाऱ्याचे महत्त्व काही लगेच ओसरले नाही.

हौद्याचा आकार मालकाच्या लहरीवर ठरत नाही. तो मालाच्या घनतेवर ठरतो, आणि या एका गोष्टीत दोन्ही जिल्ह्यांचा भेद सामावलेला आहे. लातूरच्या आडतीवर येणारे सोयाबीन एका घनमीटर जागेत सातशे किलोच्या घरात भरते, तुरीची गतही त्यासारखीच. म्हणून तिकडचा हौदा बुटका, परंतु तळाने भक्कम, आडव्या पट्ट्या जवळजवळ टाकलेला आणि पोत्यांचे कोपरे अडकू नयेत असा आतून सपाट असावा लागतो. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर-किनवटकडचा मोकळा कापूस मात्र तेवढ्याच जागेत जेमतेम शंभर किलोच्या आसपास बसतो, आणि दोन माणसे वर चढून त्याला कितीही तुडवोत, गाडी वजनाने भरण्याआधी जागेने भरते. तेथे तळाचा पत्रा पातळ चालतो, उंची मात्र हवी आणि चहूबाजूंनी जाळी हवी. अर्धापूरच्या केळीचे लाड तिसरेच: तिला वारा लागतो, मऊ अंथरूण लागते, आणि एखादी उघडी राहिलेली खिळ्याची टोपी अख्खा घड डागाळून टाकते.

प्रत्यक्ष बदलीचे काम पाहण्यासारखे असते. वर्षानुवर्षांच्या चिखलाने व गंजाने एकजीव झालेल्या यू-बोल्टांवर आदल्या संध्याकाळी डिझेल सोडून ठेवतात. सकाळी त्यांतले निम्मे पान्याला वश होतात, उरलेल्यांना गॅसच्या ज्योतीखाली जावे लागते. मागच्या लाल दिव्यांच्या तारा सोडवल्या, डिझेलच्या टाकीचे तोंड मोकळे केले, की चेनकुप्पीने हौदा हातभर वर उचलायचा आणि गाडीच त्याच्याखालून पुढे ढकलायची. नवा हौदा ठेवण्यापूर्वी चासीच्या माथ्यावर कठीण लाकडाची पट्टी बसवतात, कारण लोखंडावर लोखंड घासू लागले की दोन्ही झिजतात. आणि जेथे यू-बोल्ट आवळायचा तेथे चासीच्या पन्हळीत लाकडाचा ठोकळा ठोकतात, नाहीतर आवळणीच्या जोराने तिच्या कडा आत दबतात. अडाणी कारागीर येथे सरळ वेल्डिंग मारून मोकळा होतो. जाणता मारत नाही, कारण खाचखळग्यांतून जाताना चासीला किंचित पिळा घेता आला पाहिजे, हे त्याला ठाऊक असते. वेल्डिंगने तो पिळा अडला की टाक्याशेजारीच बारीक तडा धरतो. शेवटी हौद्याचे दोन्ही कर्ण टेपाने मोजतात: दोन मापे सारखी आली तर काटकोन साधला, न आली तर मागचा फाळका कधीच नीट लागायचा नाही.

अमेरिकेत हाच व्यवहार सौंदर्यासाठीही चालतो. फोर्डने 1957 मध्ये व शेव्हरोलेने 1958 मध्ये सपाट, गुळगुळीत कुशीचे हौदे आणले, आणि बाहेर फुगलेले चाकांचे मडगार्ड व पाय ठेवायची पायरी असलेला जुना हौदा मागे पडत गेला; आता जुन्या गाड्यांचे शौकीन नवा उतरवून तो जुना, लाकडी फळ्यांच्या तळाचा हौदा पुन्हा चढवतात. त्यातही फजिती आहेच. 1973 पासून शेव्हरोलेची पेट्रोलची टाकी बैठकीमागून चासीच्या बगलेस गेली, तेव्हा त्यानंतरच्या गाडीवर जुना हौदा चढवताना पेट्रोल ओतायचे तोंड कोठे काढावे, हा प्रश्न उभा राहतो. हौस म्हणून त्यास हसण्याचे कारण नाही. हौसेनेही कसब जिवंत राहते.

आपल्याकडे फजिती होते ती वाहननोंदणीच्या कचेरीत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करू देत नाही. परवानगीवाचून बदल झालाच, तर 14 दिवसांच्या आत त्याची वर्दी द्यावी लागते. मागील आसाच्या पाठीमागे हौदा किती लोंबावा यालाही मर्यादा आहे: दोन्ही आसांतील अंतराच्या 60 टक्के. नियम रास्त आहे, कारण मागे लोंबणारा बोजा पुढची चाके हलकी करतो व सुकाणू हाती राहत नाही. परंतु पासिंगपुरता एक हौदा आणि सुगीपुरता दुसरा, ही दुहेरी व्यवस्था चालवणाऱ्यास हे पटवून देणे कठीण.

2016 च्या उन्हाळ्यात तर दुष्काळाने वाहायला पिकेच फारशी उरली नव्हती. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी 12 एप्रिल रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली, आणि त्या सबंध उन्हाळ्यात गल्लीबोळांतून पाणी फिरवणाऱ्या गाड्यांत टाक्या बांधलेल्या पिकअपही होत्या. पाणी सोयाबीनहून जड, घनमीटरास हजार किलो. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीत ते वळणावर एका बाजूस धावते, ब्रेक लावताच पुढे आदळते. खऱ्या टँकरच्या पोटात याकरिता आडवे पडदे असतात, दोरखंडाने बांधलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीत ते नसतात, आणि दीड टनाच्या आसपास पेलणाऱ्या गाडीवर दोन हजार लिटरची टाकी चढली की पाटे उलटे वाकतात.

उतरवलेला हौदा त्याच मापाच्या चासीचे गिऱ्हाईक येईपर्यंत कारखान्याच्या कुंपणाशी पडून असतो. न आले तर पत्रा किलोच्या भावाने भंगारात जातो, सांगाडा एखाद्याच्या आखाड्यावर चार दगडांवर बसून कोंबड्यांच्या कामी येतो. फाळका धड असेल तर तो मात्र आधीच कोणीतरी मागून नेलेला असतो, कारण आदळआपट सोसून सर्वांत आधी मोडतो तो तोच.